आधी बायांची बैठक

सानप मॅडम बीडला प्रशिक्षणाला निघाल्या त्या सकाळी त्यांनी बोअरच्या स्टार्टरची किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि ही किल्ली आपण घ्यायला नको होती, असं मला लगेच वाटलं.

“तीन दिवसांचा प्रश्न आहे, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “आधी शाळेची टाकी, मग बायांच्या घागरी. तिसरं काही नाही. कुणी आलं तर म्हणा, मॅडम आल्यावर बघू.”

“आणि चेअरमन आले तर?”

“त्यांनाही तेच म्हणा.”

त्या गेवराईच्या जीपमध्ये बसून गेल्या. मी फाटकापाशी उभा राहून ‘मॅडम आल्यावर बघू’ हे वाक्य मनातल्या मनात म्हणत राहिलो. ही माझी जुनी खोड. साधं वाक्य असलं तरी मी ते आधी मनात घोटून घेतो, आणि वेळ आली की भलतंच बोलून बसतो. शाळेत मी सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षक होतो, म्हणून मॅडम नसताना पदभार माझ्याकडे यायचा. ज्येष्ठतेखेरीज त्याला दुसरं काही कारण नव्हतं, हे मला आणि गावाला दोघांनाही माहीत होतं.

साल दोन हजार तेरा. होळी अजून झाली नव्हती, पण तलवाड्याच्या पुढं आमच्या गावापर्यंत एकही विहीर जिवंत राहिली नव्हती. निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेलं. मागं राहिलेल्यांत म्हातारी माणसं, शाळेत बसवलेली पोरं आणि काही घरच्या सुना. टँकर यायचा तेव्हा यायचा. पाणी होतं ते शाळेच्या बोअरला. दिवसभरात वीज असायची तेवढा वेळ मोटार चालायची, आणि शाळेच्या भिंतीला लागून घागरींची रांग उन्हात बसलेली असायची. माणसं सावलीला आणि घागरी रांगेत.

हा बोअर आधीचे मुख्याध्यापक अर्जुनराव यांच्या काळातला. अर्जुनरावांचा आवाज असा होता की चौथीच्या वर्गात ओरडले तर पहिलीची पोरं उभी राहायची. ते कुणाला विचारत नसत. दूध सोसायटीच्या चेअरमनकडं चहाला जायचे आणि येताना काम करूनच यायचे. भिंत तशीच झाली, बोअरही तसाच झाला. हे नाकारता येणार नाही. त्यांच्या जागी सानप मॅडम आल्या तेव्हा आम्ही शिक्षक आपसांत म्हणालो होतो की या बाईंना स्वतःचं मतच दिसत नाही, साध्या सहलीलाही सगळ्यांना विचारत बसतात. शाळा समितीची बैठक असली की त्या आधी खिचडीच्या खोलीत बायांबरोबर तासभर बसायच्या आणि मग वर्गात येऊन पुरुषांच्या बैठकीला लागायच्या. म्हणजे एका बैठकीच्या दोन बैठका. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. मी बोललो मात्र कधी नाही.

मुख्याध्यापकांच्या अशाच एका प्रशिक्षणाला मी पूर्वी एकदा गेलो होतो. तिथं वाटलेल्या कागदात लिहिलं होतं की पुरुष मुख्याध्यापकाची पद्धत हुकमाची असते आणि स्त्री मुख्याध्यापिकेची सगळ्यांना सोबत घेण्याची. तो कागद मी परतीच्या एसटीत पुन्हा पुन्हा वाचला. मला हुकूम देता येत नव्हता आणि चार माणसं सोबत घेऊन बसायचं म्हटलं की माझ्या तळहाताला घाम सुटायचा. माझ्यासारख्याची सोय त्या कागदात नव्हती.

चेअरमन दुसऱ्याच दिवशी आले. राधाकिशनराव. गाव त्यांना आबा म्हणायचं. सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती आणि तिचा सगळा कारभार त्यांच्याकडं होता. बरोबर समितीचा अध्यक्ष उत्तरेश्वर. तो समितीचा अध्यक्ष कमी आणि आबांच्या मोटारसायकलचा चालक जास्त.

आबा माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पोरं उठली. मीही उठलो.

“बसा, गुरुजी, बसा. तुमी आता हेडमास्तर. तुमी उठायचं नसतंय.”

“तात्पुरता आहे,” मी म्हणालो.

“तात्पुरतं तर समदंच हाय.” ते हसले. “आसं हाय, छावणीचा हौद आटला. टँकरवाला फोन उचलंना. तुमच्या बोअरवरून पाइप टाकतो. माणसं, पाइप, समदं तयार हाय. तुमी फक्त किल्ली द्या.”

आता ते वाक्य बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं.

“मॅडम...” मी म्हणालो.

“मॅडम येईस्तोवर जनावरं दम धरत न्हाईत, गुरुजी. आन् मला सांगा, बोअर पाडला कुणी? अर्जुनराव आन् मी, एका चहात. त्या वक्ताला कोणती मॅडम होती?”

“पुरुष माणूस होता म्हणून झालं,” उत्तरेश्वर म्हणाला.

“तू गप रे.” आबा माझ्याकडं वळले. “बोला की.”

मी बोललो ते असं: “समितीपुढं ठेवावं लागेल.”

हे मला कुठून सुचलं ते सांगता येत नाही, पण सुचल्याबरोबर जरा हायसं वाटलं. नियम माझ्या पाठीशी होता. समितीत निम्म्या बाया असतात, असाव्याच लागतात. त्याच बाया या बोअरचं पाणी भरतात. त्या आपणहून नको म्हणतील आणि मला काही बोलावं लागणार नाही. घरी पुस्तकात बघून ठरवावं तसं मी हे ठरवलं.

“ठेवा की,” आबा म्हणाले. “उद्या सकाळी घ्या बैठक. मी सोता येतो.”

त्या संध्याकाळी मी मॅडमना फोन लावत राहिलो. फोन बंद लागत होता. मला जेवण गेलं नाही. काहीतरी चुकलंय असं सारखं वाटत होतं. पण काय चुकलंय ते सापडत नव्हतं. कायदा बरोबर होता, निरोप सगळ्यांना गेला होता, विषय स्पष्ट होता.

सकाळी बैठकीला सगळे आले तेव्हा ते कळलं.

चौथीच्या वर्गात पुरुष खुर्च्यांवर आणि बाकांवर बसले. आबा माझ्या खुर्चीत. बाया आल्या त्या दारातून आत येताना पदर पुढं ओढून, भिंतीकडच्या कडेनं जाऊन मागं जमिनीवर बसल्या, तोंडं भिंतीकडं वळवून. चंद्रभागाबाई, छबुबाई, केसरबाई. चंद्रभागाबाई म्हणजे एरवी घागरींच्या रांगेत उभी राहून अख्ख्या गल्लीला गप्प करणारी बाई. ती आता भिंतीवरच्या अंकलिपीच्या तक्त्यासमोर अशी बसली होती, जणू तीच पहिलीत आहे.

गावाची भावकी एक. या सगळ्या जणी कुणी आबांच्या पुतण्याची बायको, कुणी चुलतभावाची सून. सासऱ्यादेखत, भायादेखत म्हणजे थोरल्या दिरादेखत, बाई तोंड उघडत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. या गावात मी इतकी वर्षं काढली होती. पण माहीत असणं आणि वेळेला आठवणं यात फार अंतर असतं. खिचडीच्या खोलीतली मॅडमची ती वेगळी बैठक मला तेव्हा आठवली. नियमाप्रमाणे निम्म्या बाया मी बोलावल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर मीच कुलूप घातलं होतं.

आबांनी विषय मांडला. चांगला मांडला. मुकी जनावरं, कोरडा हौद, गावाची लक्ष्मी. मग त्यांनी मागं न बघता विचारलं, “बायांची काय हरकत हाय का?”

पंख्याचा आवाज येत होता. बांगडीसुद्धा वाजली नाही.

“न्हाई. मग लिव्हा, गुरुजी. सर्वानुमते मंजूर.”

मी पेनाचं टोपण काढलं. ‘आज दिनांक’ एवढं लिहिलं आणि थांबलो. पाइप एकदा पडला की तो परत उचलला जाणार नाही, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोअरला पाणी होतं ते एवढं नव्हतंच की छावणी भागून घागरी भराव्यात. पंधरवड्यात पोरांची खिचडी शिजायची थांबली असती आणि या बायांना तलवाड्यापर्यंत डोक्यावर घागरी घेऊन जावं लागलं असतं. आणि खाली सही माझी.

“काय झालं? शाई वाळली का?” उत्तरेश्वरनं विचारलं. दोघे-तिघे हसले.

तेवढ्यात मागून कुजबुज आली. “गुरुजी. हिकडं या.”

केसरबाई होती. ऊसतोडीला गेलेल्या मुलाची पोरं सांभाळणारी म्हातारी. तिनं तोंड वळवलं नव्हतं, फक्त हात मागं करून बोलावत होती. मी उठलो. का उठलो, विचारू नका. माझ्या हातून बऱ्याच गोष्टी कुणीतरी बोलावलं म्हणून झालेल्या आहेत. मी मागं जाऊन बायांच्या ओळीशेजारी उकिडवा बसलो. परक्या बायांच्या इतक्या जवळ मी आयुष्यात बसलो नव्हतो. कुठं बघावं कळेना म्हणून मीही भिंतीकडंच तोंड केलं. अंकलिपीच्या तक्त्यावरचा गणपती माझ्या नाकासमोर होता.

“आमाला मामंजींपुढं बोलता येत न्हाई,” छबुबाई पदराआडून म्हणाली. “तुमी बोला आमच्या वतीनं. आमी सांगतो तसं.”

“मी?”

“मग काय गणपती बोलंल?” चंद्रभागाबाई म्हणाली.

मग त्या तिघी एकदम बोलायला लागल्या, इतक्या हळू आणि इतक्या भरभर की मला एकेकीला थांबवावं लागलं. मी उभा राहिलो.

“त्यांचं म्हणणं असं आहे,” मी म्हणालो. मी खाकरलो. “छावणीतली जनावरं त्यांचीही आहेत. ती तहानेनं मरावीत असं कुणालाच वाटत नाही.”

“बगा!” आबांनी मांडीवर हात मारला. “मग अडलं कुठं?”

मी खाली वाकलो, ऐकलं, उभा राहिलो. “त्यांचं म्हणणं, पाइप नको. सकाळी घागरी भरून झाल्या की ज्याचं जनावर त्यानं हौदापर्यंत पाणी न्यावं. डोक्यावरनं.”

“डोक्यावरनं?” आबा हसले. माझ्याकडं बघत होते, पण शब्द माझ्या पाठीमागं जात होते. “सांगा त्यांना, एक म्हैस पाणी किती पिती ठाऊक हाय का? ह्यांची मान मोडंल.”

मागून लगेच उत्तर आलं. ते मला सांगवेना. पण सांगणं भाग होतं.

“त्या म्हणतात, मान त्यांची आहे.”

बाकावरचा एक जण हसला आणि आबांनी बघितल्यावर थांबला.

“आन् पाइप कावून नको, त्ये तरी सांगा. पाइपानं काय वाकडं केलं?”

मी पुन्हा वाकलो. चंद्रभागाबाई जे म्हणाली ते ऐकून मी तसाच वाकलेला राहिलो. माळावरच्या छावणीच्या पलीकडं आबांची मोसंबीची बाग होती. सगळ्या शिवारात तेवढीच हिरवी राहिलेली, आणि ती कशानं हिरवी आहे हे कुणी मोठ्यानं विचारत नसे.

मी सरळ झालो आणि म्हणालो, “पाइप नेमका कुठपर्यंत जाईल, याविषयी त्यांच्या मनात थोडी शंका आहे.”

“तसं न्हाई म्हणलं मी,” मागून आवाज आला, या वेळी जरा मोठा. “गुळमुळीत करू नका. म्हणलं तसं सांगा.”

वर्गात सगळ्यांनी ते ऐकलं. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. सासऱ्यानं सुनेचा आवाज ऐकायचा नसतो. ते माझ्याकडं बघत राहिले. सबंध नोकरीत मी वरच्या कुणालाही उलट बोललो नव्हतो. केंद्रप्रमुखांनी चुकीचं शुद्धलेखन सांगितलं तरी मी तसंच लिहून घ्यायचो.

“पाइप,” मी म्हणालो, “छावणीत थांबणार, की तुमच्या मोसंबीत?”

उत्तरेश्वर उठून उभा राहिला, मग त्याला काय करावं कळेना, म्हणून परत बसला. आबांचा चेहरा हळूहळू बदलला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अर्जुनरावांच्या ओरडण्याची मला सवय होती. हे अगदी हळू बोलले.

“हे कोण म्हणलं? कोणाची सून?”

अशा बाईचं घरी गेल्यावर काय होतं ते मी ऐकून होतो. चंद्रभागाबाईचा नवरा आबांच्या सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोवर होता. एक नाव माझ्या तोंडून निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत त्या घराची चूल विझली असती.

“मी म्हणालो,” मी म्हणालो.

“तुमी तर इचारून सांगत हुता की.”

“बाकीचं विचारून सांगितलं. हे माझं आहे.”

“तुमचं.” आबा खुर्चीतून उठले. “त्रिंबक गुरुजी, तुमच्यासारखा गरीब माणूस मी बघितला न्हाई, असं मी परवाच म्हणलो हुतो. बाईच्या हाताखाली राहून बाईवाणी झाला तुमी. बायांत जाऊन बसता काय, कानात बोलता काय. किल्ली द्या.”

त्यांनी हात पुढं केला. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. ‘देत नाही’ असं मी म्हणालो असतो तर ही गोष्ट सांगायला जास्त बरी झाली असती. मी फक्त खिशावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो, छातीत कळ आलेल्या माणसासारखा. आबांचा हात किती वेळ तसा होता कुणास ठाऊक. मग त्यांनी तो मागं घेऊन धोतराला पुसला.

“बदल्यांचे दिवस लांब न्हाईत, गुरुजी,” ते म्हणाले आणि निघाले. त्यांच्या मागून पुरुष निघाले. बाया सगळ्यांत शेवटी. दारातून जाताना एकीनंही माझ्याकडं बघितलं नाही, आणि मला वाटलं की आपण त्यांचंही काही बिघडवलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. फाटकातून आत येईपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. रांगेतल्या बायांनी सांगितलं असणार. त्यांनी पिशवी टेबलावर आपटली.

“एकत्र बैठक? आबांदेखत? गुरुजी, तुम्हाला एवढंही कळलं नाही?”

“नियमात निम्म्या बाया...”

“नियम राहू द्या! त्या बायांना सासऱ्यासमोर बसवून ठेवलंत तुम्ही. कुणाचं नाव बाहेर पडलं असतं तर?” त्यांचा आवाज चढला तसा शेजारच्या वर्गातला पाढा थांबला. बाईंना स्वतःचं मत नाही असं ज्यांना वाटत होतं त्यांनी तेव्हा हजर असायला हवं होतं. “मी आधी त्यांच्याशी का बसते? हौस आहे मला?”

“चुकलं,” मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतून रांगेकडं बघितलं. “आणि ते मोसंबीचं? ते खरंच तुमचं होतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. “नाही,” मी म्हणालो. “पण माझं म्हणून सांगितलंय. आता ते माझंच असू द्या.”

पाण्याचा तांब्या उचलून मॅडम अर्धा प्यायल्या आणि उरलेला माझ्यापुढं सरकवला.

“बैठक पुन्हा लागणार,” त्या म्हणाल्या. “आबा सोडणार नाहीत. उद्याच लावू. पुरुषांकडं मी बसते. मला त्यांच्याशी भांडता येतं. तुम्ही खिचडीच्या खोलीत बसा.”

“मी? बायांत?”

“त्यांनीच सांगितलंय. म्हणाल्या, गुरुजींना पाठवा, ते मधे बोलत नाहीत.”

हे कौतुक होतं की काय, हे मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मागून मोटारसायकल आली की मी रस्ता सोडून काटेरी कुंपणापर्यंत बाजूला होत होतो.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या खोलीत धूर होता. बायांनी मला पोतं अंथरून दिलं आणि स्वतः खाली बसल्या, पदर खांद्यावर, तोंडं माझ्याकडं. हौदापर्यंत कुणी कधी पाणी न्यायचं, आजारी बाईच्या म्हशीला कुणी पाजायचं, मोटारीपाशी कुणी थांबायचं, यावर त्या इतक्या मोठ्यानं भांडत होत्या की मला दर वेळी दचकायला होत होतं. मी लिहून घेत होतो. कुणी विचारलं तरच बोलत होतो, आणि कुणी विचारत नव्हतं.

मग पलीकडच्या वर्गातून आबांचा आवाज आला, चढलेला. लगेच त्यावर मॅडमचा. बाया गप्प झाल्या. शब्द कळत नव्हते, नुसता चढ-उतार. छबुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, म्हणजे जाळाचा आवाज होऊ नये.

“गुरुजी, काय म्हणत्यात?” केसरबाईनं विचारलं.

“कळत नाही,” मी म्हणालो. माझा हात पुन्हा खिशावर गेला होता. किल्ली मॅडमनी अजून परत मागितली नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मोटारसायकल सुरू झाली, फाटकापाशी जरा थांबली आणि माळाच्या बाजूला गेली. आम्ही सगळे त्या आवाजाकडं कान लावून बसलो. मग मॅडम दारात आल्या. कपाळावर घाम होता. तो त्यांनी पदरानं टिपला, पण मी बघितला. मला वाटायचं की घाम फक्त मलाच सुटतो.

“पाइप नाही,” त्या म्हणाल्या. “घागरीनं न्यायचं. पण आजपासूनच, नाहीतर ते म्हणणार बायांनी शब्द पाळला नाही. हौद संध्याकाळपर्यंत ओला दिसला पाहिजे.”

बाया उठल्या. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता. मी स्टार्टरकडं गेलो, पेटी उघडली, बटण दाबलं. मोटार घरघरली. नळातून आधी नुसतीच हवा आली, बराच वेळ हवाच आली, आणि घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

मग पाणी आलं. बारीक होतं. चंद्रभागाबाईनं पहिली घागर खाली लावली.